तुझ्या पोटचं आणि माझ्या पोटचं

आत्या, तुझ्या तेरवीचं जेवण सगळ्यांना आवडलं. अख्खं हिवरखेड पंगतीला बसलं होतं आणि हात धुता धुता जो तो तुझे गुण गात होता. भागाबाईसारखी बाई आता होणे नाही. भागाबाईनं घर धरून ठेवलं. भागाबाईनं कधी मुंगीलाही दुखवलं नाही. मी वरण वाढत होते. हातात जड भांडं होतं म्हणून बरं, नाही तर तोंडातून भलतंच काही निघून गेलं असतं. मुंगीचं मला माहीत नाही, माझं मला माहीत आहे.

तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं तर मलाही पुष्कळ येतं. तू माझ्या बापाची धाकटी बहीण. मी दुडूदुडू चालायला लागले तेव्हाच तू मला तुझ्या महादूसाठी मागून ठेवलं होतंस. आत्याच्याच घरात सून होऊन आले, त्यामुळे सासुरवास म्हणतात तो काय असतो हे मला बरेच दिवस कळलंच नाही. पहिल्या वर्षी मला धड भाकरी थापता येत नव्हती. माझ्या जाड, फाटक्या भाकरी तू गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायचीस आणि तू थापलेल्या माझ्या म्हणून पुरुषांना वाढायचीस. एकदा तुझा धाकटा मुलगा संपत म्हणाला, "वैनीची भाकर मायपेक्षा पातळ हाये." तेव्हा चुलीपाशी तोंडात पदर कोंबून आपण दोघी हसलो होतो. तू निव्वळ दुष्ट असतीस तर किती बरं झालं असतं. मी तेरवीला दोन घास जास्तच जेवले असते.

दुपारी माझ्या डोक्याला तेल घालताना तू एक गोष्ट सांगायचीस, आणि कितीदा ऐकली तरी मला ती पुन्हा हवीच असायची. तुझं पहिलं सासर अकोटाकडचं. नवरा साप चावून गेला तेव्हा तू तीन महिन्यांची पोटुशी होतीस. जमिनीला वाटेकरी नको म्हणून थोरल्या दिरानं सुईण आणून घरात बसवली. तू परसातून बाहेर पडलीस ती थेट माहेरी, पायी. माझ्या बापानं तुला ठेवून घेतलं आणि हिवरखेडला तुझा पाट लावून दिला. आम्हा कुणब्यांत विधवेचा पाट लावायची रीत पहिल्यापासूनची. लग्नासारखा तो वाजतगाजत लागत नाही, पण बाई पुन्हा कुणाची तरी बायको होते आणि तिच्या लेकराला बाप मिळतो. तुझ्या पोटात मूल आहे हे माझ्या बापानं आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा तुझा होणारा नवरा, माझे मामंजी, म्हणाले होते, "येते तं येऊ दे. खाऊन खाऊन किती खाईन थे?" तेच मूल म्हणजे महादू. पुढं तुला मामंजींपासून संपत झाला, जनी झाली, पण मामंजींनी महादूला कधी दुसऱ्याचा म्हटलं नाही.

"पोटातला जीव आपला नसते वं रखमे," तू म्हणायचीस. "देवानं आपल्यापाशी ठेवाले देला असते. म्या नाई मारू देला." एवढं म्हणताना तुझा तेलाचा हात माझ्या केसांत थांबायचा. मला वाटायचं, जगात तुझ्याइतकी धीट बाई दुसरी नसेल.

म्हणून मथुराचं झालं तेव्हा तू एवढी पेटलीस. मथुरा म्हणजे आपल्या शेजारची माळीण, वांगी-मिरच्या घेऊन बाजाराला बसणारी. घरात पोरांची रांग, सगळ्यात लहान अजून रांगतंय, छातीत दूध नाही, आणि तिला पुन्हा दिवस गेले. तिनं सुईणीकडून औषध घेतलं आणि मोकळी झाली. तुला कळलं त्या दिवसापासून तू तिला चुलीसाठी विस्तव देणं बंद केलंस. तिच्या दारावरून जाताना पदर असा ओढून घ्यायचीस की जणू तिथून आग लागेल.

"मंग तिनं कराचं काय होतं?" मी विचारलं होतं.

"जन्माले घालाचं. देणारा देते."

"देणारा येऊन दूध पाजते का, आत्या?"

"लय शाहाणी होऊ नको. जो जीव अजून रडला बी नाई त्याले मारलं तिनं. पाप हाये थे."

खरं सांगायचं तर माझं अर्धं मन तुझ्याच बाजूला होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी कूस रिकामी होती, आणि मथुराला नकोसं झालेलं मला का मिळू नये, असं मनात येऊन मला तिचा रागही यायचा. पण तिचं खपाटीला गेलेलं पोट आणि उपाशी किरकिरणारं ते पोर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आपला तो वाद तसाच राहिला. तू मला दटावून गप्प केलंस, पटवून दिलं नाहीस.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. त्यात माझा बाप गेला, मामंजी गेले आणि महादूही गेला. बांगड्या फोडायला बायका जमल्या तेव्हा तू त्यांना अंगणात थांबवलंस आणि काच लागू नये म्हणून माझ्या हातातली एकेक बांगडी स्वतः उतरवलीस. तुझा तर नवरा आणि पोटचा मुलगा एकाच आठवड्यात गेलेला, तरी तू मला कुशीत घेऊन म्हणालीस, "तुले अशी बसवून ठेवनार नाई म्या. वरीस होऊ दे. तुहा पाट लावून देईन." हे तुझे शब्द आहेत, आत्या. मी त्यांत पदरचं काही घातलेलं नाही.

आणि शब्दाला जागायला तू निघालीही होतीस. निंबाजी आपल्या घरच्या कापसाच्या गाड्या अकोल्याला न्यायचा. बाळापूरकडचा, आपल्याच जातीचा, बायको बाळंतपणात गेलेली. त्यानं रीतीनं माणूस पाठवून मला पाटासाठी मागितलं. माणसाला तू गूळ-पाणी दिलंस आणि हसून "हो" म्हणालीस. त्याच होकारावर विसंबून मी आणि निंबाजी नवरा-बायकोसारखे वागलो. सुगी झाली की पाट लागायचा होता, मग लपवायचं तरी काय होतं?

मध्येच कापूस आला. म्हणजे कापूस आपल्या वावरात आधीही होताच, पण सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसात लढाई लागली म्हणे, तिकडचा माल बंद झाला, आणि आपल्या बोंडांसाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांची माणसं अमरावतीत ठाण मांडून बसली. भाव असे चढले की संपतचं डोकं फिरलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. स्वारी अमरावतीहून परतायची ती जरीचा फेटा बांधून. घरच्या ज्वारीच्या तुकड्यातही त्यानं कापसाची पऱ्हाटी लावली, आणि आपण ज्वारी बाजारातून आणून खायला लागलो. या सगळ्याला मी हसून घेतलं असतं. पण पैशामागोमाग घरात खानदान शिरलं, आणि जनीला बाळापूरकडच्या देशमुखांचं स्थळ सांगून आलं.

देशमुखांत पाट चालत नाही. बघायला आले तेव्हा त्यांनी सोनंनाणं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, तुमच्या घरात पाट लागत नाही ना? आणि संपत मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पाट? आमच्या घरात? सात पिढ्यायत नाई."

तू आणि मी दाराआड उभ्या होतो. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, आता तू बाहेर जाऊन त्याच्या कानाखाली वाजवशील. एका वाक्यात त्यानं स्वतःच्या मायला ठेवलेली बाई करून टाकलं आणि मेलेल्या भावाला बेवारशी. तू पदर सारखा केलास आणि मला म्हणालीस, "गूळ फोड. पाव्हन्याइले पानी नेऊन दे."

नेमक्या त्याच दिवसांत मी तुझ्याकडं आले. तीन महिने उलटून गेले होते. इतक्या वर्षांनी कूस भरली म्हणून माझा मलाच विश्वास बसत नव्हता, खात्री होईपर्यंत मी कुणाला बोलले नव्हते, निंबाजीलासुद्धा. मी घाबरले नव्हते गं, आत्या. मी आनंदानं धावत तुझ्याकडं आले होते. ही गोष्ट तुझ्याइतकी जगात कुणाला कळणार होती? तू मला पोटाशी धरलंस. पाठीवरून हात फिरवलास. आणि मग विचारलंस, "कोनाकोनाले मालूम हाये?"

"कोनालेच नाई."

"निंबाजीले?"

"त्याले बी नाई."

"बरं झालं," तू म्हणालीस.

त्यानंतर जे आपलं भांडण झालं ते आजही माझ्या डोक्यात चालूच असतं. मी म्हणाले, मोठा थाट नको, पाच माणसांत पाट लावून दे. तू म्हणालीस, जनीचं लगन मोडन. मी म्हणाले, तुहा लागला होता नं? तू म्हणालीस, हळू बोल.

"हळू कावून बोलू? तुहं पोट थे पोट, आन माहं काय हाये मंग?"

"तवाची गोठ येगळी होती."

"काय येगळी होती?"

तू चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलंस. मग म्हणालीस, "आता आपन त्या लोकायतले नाई राह्यलो, रखमे."

मी विचारलं, आणि देवानं ठेवायला दिलेला तो जीव? त्यावर तू म्हणालीस, अजून जीव कुठचा, रक्ताचा गोळा तर आहे. महादू तिसऱ्या महिन्यात जीव होता. मथुराचं तर त्याहून कमी दिवसांचं, तेही जीव होतं. माझ्यापाशी आल्यावर तेवढा चौथ्या महिन्यात गोळा झाला. मी तोंडावर तसं म्हणून दाखवलं तेव्हा तुझे डोळे भरून आले, पण तू मागं हटली नाहीस.

मी ऐकत नाही असं पाहून तू खाली वाकलीस आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. बापाच्या बहिणीनं, सासूनं, माझ्या पायांवर! तू शिव्या दिल्या असत्यास, हात उगारला असतास, तर मीही तुझ्यासारखी परसातून पळाले असते. पाया पडणाऱ्या माणसापासून कसं पळायचं हे त्या गोष्टीत नव्हतं. आणि जाणार तरी कुठं होते? तुला भाऊ होता. माझा बाप मसणात गेलेला.

वेचणीचे दिवस होते, घरचे सगळे वावरात. मधल्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरलेला होता, भाव अजून चढेल म्हणून संपतनं ठेवलेला. भर दुपारी सुईण आली. तू आधी तो कापूस दोन्ही हातांनी नीट बाजूला सारलास, डाग पडू नये म्हणून वरून धोतर टाकलंस, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत तरट अंथरून मला निजवलंस. काढ्याची वाटी तू माझ्या ओठाला लावलीस आणि मी प्याले. बाकीचं एखादे वेळी मी विसरेनही. तू आधी कापूस सारलास हे विसरणार नाही.

नंतर मला ताप भरला, रक्त थांबेना, सुईण हात टेकून निघून गेली. तू गेली नाहीस. लोकांना पटकीचं कारण सांगून तू दार लावून घेतलंस आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलीस. मी दात आवळून घेतले तर बोटानं तोंड उघडून पेज पाजलीस. मी शुद्धीवर आले तेव्हा तुझा चेहरा इतका वाळला होता की मला आधी माझी आजीच वाटली. मी जगले ती तुझ्यामुळं, यात शंका नाही. त्याबद्दल तुझे पाय धरावेत असंही कधी मनात येतं, आणि लगेच त्या मनाचीच किळस येते.

तू नदीवर गेली होतीस तेव्हा सुईणीकडून कळलं म्हणून मथुरा मागच्या दारानं आली होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. पदराखाली भाजीचं पातळ कालवण घेऊन आली होती. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "म्या माह्या मनानं घेतलं, तरी अजून रडते वं. पाप म्हना, नाई म्हना, माहं मी पाहून घेईन देवापाशी. तुले तं कोनी इचारलं बी नाई."

मथुरानं केलं ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं तू म्हणायचीस तेच खरं, जीव तो जीव, मग तो कुणाच्याही पोटात असो. कधी तिचं ते रांगणारं पोर मिरच्या तोडताना दिसतं, धडधाकट, आणि वाटतं की ते जगलं तर त्याची किंमत कुणी तरी मोजलीच ना. मी यात अडकून पडते. तू मात्र कधीच अडकली नाहीस. मथुराला पापीण ठरवलंस तेव्हाही तू ठरवलंस, आणि मला मोकळं केलंस तेव्हाही तूच. तुझ्या त्या थोरल्या दिरानं तरी दुसरं काय केलं होतं? त्याला जमीन वाचवायची होती, तुला नाव.

आणि किती टिकलं ते नाव? निंबाजीला तुम्ही सांगितलंत की तिचं मन फिरलं. त्यानं आपल्याकडच्या गाड्या हाकणं सोडलं, आता बाळापुरात त्याला दुसरी बायको आहे, पोरं आहेत. जनीचं लग्न थाटात झालं. मग ती गोऱ्यांची लढाई थांबली आणि भाव असे कोसळले की मधल्या खोलीतला कापूस पिवळा पडला तरी कुणी घेईना. बैलांच्या शेंब्या उतरल्या. देशमुखांनी जनीला शेवटपर्यंत कुणब्याचीच म्हटलं. तुझ्या तेरवीला त्यांच्याकडून एक माणूस आला नाही. जनी एकटी आली, डोळे पुसत बसली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

त्या दुपारबद्दल आपण पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही. एकाच चुलीवर रांधलं, एकाच जात्यावर दळलं. शेवटच्या आजारात तुझं सगळं मीच केलं, लोक म्हणाले, भाचीनं लेकीसारखं केलं. जायच्या आदल्या दिवशी तू माझं मनगट घट्ट धरलंस. "रखमे, थे..." म्हणालीस. मी विचारलं, "पानी पायजे?" तू मान हलवलीस, नको. मी तरी पाणी पाजलं. तू पुन्हा म्हणालीस, "थे माहं..." आणि मी पांघरूण सारखं करायच्या निमित्तानं हात सोडवून घेतला. तुला कशाबद्दल बोलायचं आहे ते मला पक्कं कळलं होतं. बोलून हलकी होऊन तू जावंस हे मला नको होतं. त्याचा मला पस्तावाही नव्हता, परवापर्यंत.

परवा ओसरीवर पाहुणे आले. निंबाजीच्याच मुलखातला एक बिजवर, त्याची म्हातारी आई आणि दोन माणसं. संपतनं माझा पाट लावायचं ठरवलं आहे. आता घरात एक तोंड कमी झालेलं बरं, हे त्याचं खरं कारण. पण पाहुण्यांपुढं काय बोलला माहीत आहे? म्हणाला, "आमच्यात पयलेपासून रीतच हाये. माह्या मायचाच पाट झाला होता." आणि फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मी आत उभी होते. मला हसू आलं, आणि ते तोंडात दाबायला शेजारी तू नव्हतीस.

म्हातारीनं विचारलं, "इची कूस कधी उजवली का?"

"नाई," संपत म्हणाला. "दादा असतानी काही झालं नाई."

"मंग वांझोटीच म्हना की."

संपत खाली मान घालून बसला. त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं ते तुझं तुलाच माहीत. मला एवढंच कळलं की आता गप्प बसले तर ते लेकरू कधी नव्हतंच असं होईल, कायमचं. मी बाहेर आले.

"उजवली होती," मी म्हणाले.

"वैनी, आत जा," संपत म्हणाला.

"बोलू दे बाप्पा तिले," म्हातारी म्हणाली. "मंग कुठी हाये लेकरू?"

"जन्मू देलं नाई. ह्याच घरात. पाट लागनार होता, मंग नाई लावला. चौथा मयना होता."

मला वाटलं आता पाहुणे जोडे घालतील. तो बिजवर उठायलाही लागला होता. म्हातारी बसून राहिली. तिनं आपलं गाठोडं बाजूला केलं, शेजारच्या जागेवर हात आपटून मला बसायला सांगितलं. मी बसले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग कुणी मेलेल्या माणसाची चौकशी करावी तशी हळू आवाजात तिनं विचारलं, "पोट्टी होती का पोट्टा?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. "मालूम नाई," मी म्हणाले.

मी शुद्धीत नव्हते. सुईण मागच्या वर्षीच गेली. ते फक्त तूच पाहिलं होतंस, आत्या. माझं मनगट धरून तू तेच सांगत होतीस का?